रेडिओ ठसा-ओळख

बिनतारी उपकरणाने सोडलेल्या लहरीतील सूक्ष्म विकृतींवरून ते नेमके कोणते उपकरण आहे हे ठरवण्याचे तंत्र. संदेशात काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी तयार झालेल्या दोन वाय-फाय कार्डांतही स्फटिक आंदोलकाची कंप्रता (फ्रिक्वेन्सी), शक्तिप्रवर्धकाची अरेषीयता (लहर वाढवताना तिचा आकार बिघडणे) आणि आय व क्यू, म्हणजे पाव चक्राच्या अंतराने चालणाऱ्या लहरीच्या दोन घटकांच्या शाखांमधील असंतुलन किंचित वेगळे असते. मानकांनीच तेवढी सूट दिलेली असते. 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात 802.11जी या मानकाच्या वाय-फायची मध्य कंप्रता दहा लाखांत 25 भाग चुकली तरी चालते. म्हणजे सुमारे 60 किलोहर्ट्झ वर किंवा खाली. शिवाय अशा प्रत्येक पॅकेटच्या आरंभी 16 मायक्रोसेकंदांचा ठरावीक पूर्वभाग असतो आणि तो सर्व उपकरणांत सारखाच असतो. तिथे जो फरक उरतो तो मजकुराचा नसतो.

उगमाबद्दल एकमत नाही. एक परंपरा तो दुसऱ्या महायुद्धात नेते. ब्रिटिश श्रवणकेंद्रांत तेव्हा दोन पद्धती वापरात होत्या. ‘टीना’ या नावाच्या पद्धतीत मोर्स ऑपरेटरच्या हाताची लकब मोजत, तर ‘रेडिओ फिंगरप्रिंटिंग’ या दुसऱ्या पद्धतीत प्रक्षेपकाच्या लहरीचा आकार फिल्मवर टिपत. पहिली माणसाची ओळख आहे, यंत्राची नव्हे; दोन्ही एकत्र सांगण्याची प्रथा त्यामुळे दिशाभूल करते. दुसरे मत रडार प्रक्षेपकांच्या ओळखीला आद्य मानते. हे काम साधारणपणे 1960 च्या दशकापासून अमेरिकेत झाले असावे, पण बरेचसे गोपनीय राहिल्याने त्याची कालगणना सैल आहे. तिसरे मत टूनस्ट्रा व किन्स्नर यांच्या 1995 मधील कॅनडातील कामापासून आरंभ धरते. प्रक्षेपक चालू होतानाच्या क्षणिक लहरीवरून व्हीएचएफ पट्ट्यातील रेडिओ संच ओळखण्यासाठी त्यांनी तरंगिका (वेव्हलेट), जनुकीय अल्गोरिदम आणि चेताजाल (न्यूरल नेटवर्क) वापरले. निव्वळ ठशाच्या कल्पनेसाठी युद्धकालीन फिल्मपद्धतीला मान द्यावा. पण वर्गीकरण यंत्राकडे सोपवणे हेच आजच्या तंत्राचे मर्म असल्याने 1990 च्या दशकाचा मध्य हा आरंभ अधिक ग्राह्य वाटतो.

2008 मध्ये ब्रिक, बॅनर्जी, ग्रुटेसर व ओह यांच्या ‘पॅराडिस’ या प्रणालीने 130 हून अधिक एकसारखी वाय-फाय कार्डे 99 टक्क्यांहून अधिक अचूकतेने वेगळी केली. त्यात कंप्रतेतील चूक, कलादोष (लहरीच्या फेज म्हणजे कलेतील चूक) यांसारखी लक्षणे माणसाने निवडून यंत्राला दिली होती. 2016 नंतर कन्व्होल्यूशनल प्रकारच्या चेताजालांना कच्चे आय-क्यू नमुने, म्हणजे लहरीची मूळ मोजमापे, थेट देऊ लागले. लक्षणे जाळे स्वतःच शोधू लागले. खरी अडचण इथूनच सुरू होते. भिंती, माणसे, लोखंडी कपाटे यांवरून परावर्तित होऊन येणारी लहरही प्रत्येक जागी वेगळी असते, आणि उपकरणाऐवजी लहरीची ती वाटच जाळे पाठ करून बसते. 2020 मध्ये अल-शवाब्का व सहकाऱ्यांनी दाखवले, की वाटेच्या परिणामामुळे प्रयोगातील अचूकता 85 वरून 9 टक्क्यांवर येऊ शकते. म्हणून शिकवण्याचे व तपासण्याचे नमुने एकाच दिवशी, एकाच खोलीत घेतलेले असतील, तर त्या आकड्यावर विसंबू नये. अशी चाचणी वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या जागी घेतलीच पाहिजे.

तापमानाचा परिणाम तितकाच खोल. स्फटिकाची कंप्रता तापमानानुसार सरकते. दहा लाखांत एक भाग सरकली तरी 2.4 गिगाहर्ट्झला 2.4 किलोहर्ट्झचा फरक पडतो. इंदुरात मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि मालव्याची रात्र तरीही निवते. गच्चीवर बसवलेल्या उपकरणाचा दुपारी घेतलेला ठसा पहाटे जुळेलच असे नाही. कंप्रतेवर फार भर देणाऱ्या प्रणालीला इथे ऋतूंनुसार नमुने घ्यावे लागतील. लहर टिपणाऱ्या ग्राहक-यंत्राचाही (रिसीव्हरचाही) स्वतःचा ठसा असतो: यूएसबी डोंगलच्या स्वरूपातील स्वस्त ग्राहकाच्या स्फटिकातील चूक प्रत्येक नमुन्यात मिसळते आणि डोंगल बदलला की शिकलेले वर्गीकरण ढासळते.

उपयोग मुख्यतः तोतयेगिरी पकडण्याचा. वाय-फायसारख्या उपकरणाला दिलेला 48 बिटांचा मॅक पत्ता सॉफ्टवेअरने बदलता येतो. आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकाचीही नक्कल होते: 2020 मध्ये मेरठ पोलिसांच्या तपासात एकाच क्रमांकावर 13,500 हून अधिक फोन आढळले. विमाने 1090 मेगाहर्ट्झवर एडीएस-बी या स्वयंचलित संदेशातून स्वतःचा 24 बिटांचा पत्ता व स्थान जाहीर करतात, पण त्या संदेशाची सत्यता तपासण्याची सोय त्यात नाही. इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाकडे येणाऱ्या विमानांचे हे संदेश शहरातील गच्चीवरून साध्या डोंगलवरही पकडता येतात. अभ्यासासाठी याहून सोपा संकेत मिळणे कठीण. मात्र ठसाही अभेद्य नाही. 2010 मध्ये डॅनेव्ह व सहकाऱ्यांनी कंप्रता व कला यांवर आधारलेल्या ओळखीची नक्कल करून दाखवली.

याच तंत्राने माणसाचा मागही काढता येतो. फोन आपला ब्लूटूथ पत्ता वारंवार बदलतात ते माग लागू नये म्हणून. ठसा मात्र त्या बदलाने पुसला जात नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील गटाने 2022 मध्ये सार्वजनिक ठिकाणी टिपलेल्या 162 उपकरणांपैकी सुमारे 40 टक्के एकमेवपणे ओळखता आली. वापरणाऱ्याला न विचारता असे ठसे साठवणे गैर आहे, मग ते दुकानात असो वा चौकात.