२१ दिवसांत सवय लागते?

"सलग २१ दिवस करा, सवय लागलीच समजा" हा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरतोय. तो खरा नाही.

मॅक्सवेल मॉल्ट्झ हे अमेरिकन प्लास्टिक सर्जन. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना साधारण किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० च्या पुस्तकात लिहिलं. पुढे सांगोवांगी 'किमान' गळलं, चेहराही गळला. उरला नुसता आकडा.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला निम्म्या लोकांना ६६ दिवसांहून कमी लागले, निम्म्यांना जास्त. माणसागणिक मात्र १८ पासून २५४ पर्यंत फरक. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट ही, की एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नव्हतं.

माझी धाकटी बहीण मुलुंडहून सीएसएमटीला नोकरीला जाते. खात्याच्या परीक्षेसाठी ती पहाटे पाचला उठायला लागली. कॅलेंडरवर रोज एक फुली. जुलैत पावसाने गाड्या रखडल्या, दोन रात्री घरी पोचायला बारा वाजले आणि फुल्या थांबल्या. "माझ्यात चिकाटीच नाही रे दादा," म्हणाली. चिकाटी होती गं, पहाट तुझी नव्हती!

आता गाडीने नाहूर सोडलं की ती पर्समधून अभ्यासाच्या चिठ्ठ्यांचा जुडगा काढते. बसायला मिळो न मिळो, विक्रोळीपर्यंत वाचते.