टूर मॅनेजर आणि गाइड: आधी माणूस ओळखा, मग तक्रार करा

"गाइड चांगला होता, पण जेवणात रोज पनीर."

सहलीच्या शेवटच्या दिवशी बसमध्ये अभिप्रायाचे फॉर्म वाटतात ना, त्यातल्या एकावर हे वाक्य मी स्वतः वाचलेलं आहे. पनीर गाइड ठरवत नाही. लिहिणाऱ्याच्या मनातला माणूस टूर मॅनेजर होता. बिचारा गाइड तर दोन दिवसांपूर्वी तीन तास भेटून आपल्या घरी गेला होता. तरी फॉर्मवर त्याच्या नावापुढे पनीर लागलं ते लागलंच.

मी दोन्ही कामं केली आहेत. अकरा वर्षं मुंबईच्या एका कंपनीचे ग्रुप घेऊन युरोप, राजस्थान, केरळ फिरलो. गुडघे बोलायला लागले तेव्हा गावी परतलो, आणि आता वेरूळ-अजिंठ्याला गाइड आहे. त्यामुळे "अहो गाइड, आमच्या खोलीत गिझर चालत नाही" हे वाक्य मी दोन्ही बाजूंनी ऐकलंय, आणि दोन्ही बाजूंनी तितकंच डोक्यात गेलंय.

टूर मॅनेजर तुम्हाला नवा नाही. विमानतळावर कंपनीची टोपी घालून उभा असतो, रोज रात्री 'सहा-सात-आठ' सांगतो (सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस), बसमध्ये डोकी मोजतो, अंताक्षरी लावतो, कोणाचा वाढदिवस असला की केक आणतो. कोणी त्याला टूर लीडर म्हणतं, कोणी टूर मॅनेजर. त्या दोन नावांत काही अर्थ शोधत बसू नका. टिप कोणाला किती, झेंडा कोणाच्या हातात, माइक कोणाकडे, हेही सोडून द्या. झेंडा दोघंही धरतात, म्हणून तर घोळ होतो.

खरी गोची वेगळीच आहे. टूर मॅनेजर तुमच्याबरोबर निघतो आणि तुमच्याबरोबर परततो, कारण त्याची नेमणूक ग्रुपवर असते. गाइड नेमलेला असतो जागेवर. तुम्ही येण्याआधी तो तिथे होता, तुम्ही गेल्यावर दुसरा ग्रुप घेऊन पुन्हा त्याच पायऱ्या चढणार आहे. कोण कुठे बोलणार, कार्यक्रम कोण बदलणार, पासपोर्ट हरवला तर कोण धावणार, सगळं यातूनच ठरतं. हे माझ्या मनाचं नाही. युरोपात २००३ साली पर्यटनातल्या शब्दांच्या व्याख्यांचं एक मानक निघालं, ईएन १३८०९. त्यात या दोघांच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत. टूर मॅनेजर कंपनीच्या वतीने कार्यक्रमावर देखरेख करतो, गिऱ्हाइकाला जे छापून विकलं ते त्याला मिळतंय की नाही ते पाहतो आणि जुजबी व्यावहारिक माहिती देतो. गाइड त्या भागाचा वारसा पाहुण्यांच्या भाषेत उलगडून सांगतो, आणि सहसा त्याच्याकडे त्याच भागापुरती पात्रता असते. 'त्याच भागापुरती' हे शब्द दोनदा वाचा.

इटलीत याचा चटका बसतो. तिथे गाइडगिरी हा परवान्याचा धंदा आहे. पूर्वी परवाने प्रदेशवार असत. २०२३ च्या अखेरीस नवा कायदा होऊन देशभरासाठी एक परीक्षा आणि एक यादी ठरली. कलोसियमसमोर उभं राहून टूर मॅनेजरने ग्रुपला पाच मिनिटं इतिहास सांगितला, तर तो बेकायदा गाइड ठरू शकतो आणि दंड होऊ शकतो. माझ्या पहिल्याच युरोप टूरला मी भाबडेपणाने सुरू झालो होतो. दुसऱ्या ग्रुपच्या गाइडबाईंनी स्वतःच्या गळ्यातलं ओळखपत्र माझ्या नाकासमोर धरलं आणि भुवया उडवल्या. मी गप्प. मागून आवाज आला, "याला काही माहीतच नाही वाटतं." माहीत होतं हो काका, पण बोलायची परवानगी नव्हती.

तिथून व्हॅटिकनला गेलात की उलटा गैरसमज. तिथे परवान्याचा गाइड असतो, कानात हेडसेट असतात, सगळं सुरळीत चालू असतं, आणि सिस्टीन चॅपलमध्ये शिरल्यावर गाइडबाई एकदम गप्प. लोकांना वाटतं, मुख्य जागीच हिने काम टाळलं. अहो, आत बोलायलाच मनाई आहे. म्हणून गाइड आधी बाहेरच्या अंगणात छताच्या चित्रांच्या फलकासमोर तुम्हाला उभं करून सगळं समजावतो. त्या वेळी तुम्ही अंगणातल्या त्या भल्यामोठ्या ब्राँझच्या पाइन-फळाच्या शिल्पापुढे सेल्फी काढत असता.

सगळीकडे असा कडक कायदा आहे असंही नाही. जपानमध्ये १९४९ पासून परवान्याशिवाय परदेशी पाहुण्यांना पैसे घेऊन माहिती सांगता येत नसे. २०१८ मध्ये ती सक्ती उठली, आता परवान्याला मान आहे पण मक्तेदारी नाही. आपल्याकडे केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचे प्रादेशिक पातळीवरचे गाइड असतात, राज्यांचे असतात आणि स्मारकापुरते असतात. ओळखपत्र गळ्यात असायला हवं. नसेल तर विचारा, त्यात अपमान काही नाही. मला तर कोणी ओळखपत्र मागितलं की बरं वाटतं, निदान या माणसाला फरक कळतो म्हणून.

आता त्या मंगळवारची गोष्ट. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. हे इथल्या चहावाल्यालाही पाठ आहे. एका कंपनीच्या ग्रुपचं गाडीचं आरक्षण एक दिवस पुढे सरकलं, आणि ऑफिसातल्या कोणीतरी छापील कार्यक्रम सरसकट एक दिवस पुढे ढकलला. सोमवारचं वेरूळ मंगळवारवर आलं. आदल्या संध्याकाळी मी टूर मॅनेजरला फोन केला. पंचवीस-सव्वीसचा पोरगा, दुसरीच टूर. म्हणाला, "सर, कार्यक्रमात तर छापलंय." मी म्हटलं, छापलं असेल, फाटकाला कुलूप असणार आहे. त्याने ऑफिसला फोन लावले, कोणी उचलले नाहीत, आणि त्याने सकाळपर्यंत वाट पाहायचं ठरवलं.

सकाळी नऊला ठाण्या-डोंबिवलीची बेचाळीस माणसं बंद फाटकासमोर. पोरगा बसमागे फोनवर. समोर कोण, तर गळ्यात ओळखपत्र घातलेला मी. मग काय, सगळे माझ्यावर. "तुम्ही इथलेच ना? तुम्हाला माहीत नको?" एक काकू म्हणाल्या, "गाइडच असा तर पुढे काय!"

आता इथे नीट बघा. दौलताबाद आणि बीबी का मकबरा या ग्रुपला गुरुवारी होतं. आज ते करायचं आणि गुरुवारी वेरूळ, एवढी साधी अदलाबदल. मला ते आदल्या रात्रीच दिसत होतं. पण मी "चला, बस वळवा" म्हणू शकत नव्हतो. बस कंपनीने ठरवलेली, तिचे किलोमीटर ठरलेले, गुरुवारची परतीची गाडी किती वाजता ते मला माहीत नाही, गुरुवारचे माझे पैसे कोण देणार तेही नाही. बेचाळीसांतल्या किती जणांचे गुडघे दौलताबादच्या शेकडो पायऱ्या चढतील, हे तर मला कळायचा मार्गच नव्हता. ती यादी पोराकडे होती. कोणाला साखर आहे, कोणाची बायपास झाली आहे, कोण किल्ल्याच्या अंधाऱ्या भुयारी वाटेत घाबरेल, हे त्यालाच ठाऊक. मी त्याला बाजूला घेऊन पर्याय सांगितला, ठरवायचं त्याने. त्याला चाळीस मिनिटं लागली.

त्या चाळीस मिनिटांत मी माझं काम केलं. सगळ्यांना सावलीत बसवलं आणि कैलास लेण्याचं सांगायला लागलो: सोळा नंबरचं लेणं, आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं. डोंगर वरून खाली कोरत आणला, म्हणजे आधी कळस आणि मग पाया. जवळच्या एका दगडावर बोटाने रेघा ओढून दाखवल्या, की आधी तीन बाजूंनी चर खणून मधला खडक सुटा केला. काकू पुढे सरकून बसल्या. मग आम्ही घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं (देऊळ मंगळवारीही उघडं असतं) आणि बस दौलताबादकडे वळली. ज्यांचे गुडघे नाही म्हणाले त्यांना पोराने खालीच सावलीत चहा पाजला.

गुरुवारी वेरूळ झालं. तीन तास मिळाले. लेणी चौतीस: पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. तीन तासांत सगळी बघायची म्हटली तर ती नुसती पळापळ. मी दहा, सोळा आणि बत्तीस नेतो, वेळ उरला तरच आणखी. निवडणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. "सगळं दाखवा" म्हणणाऱ्यांना मी नम्रपणे नाही म्हणतो.

पासपोर्टचं उदाहरण उलट बाजूचं. टूर मॅनेजर असताना रोममध्ये एका आजोबांची हातातली पिशवी गेली. गाइडबाईंनी पोलीस चौकी कुठे ते सांगितलं, हळहळल्या, आणि अडीच तास संपल्यावर निघून गेल्या. बसमध्ये लगेच सुरू झालं, "बघा कशी गेली!" तिचं काम संपलं होतं. माझं सुरू झालं. पोलिसांकडे तक्रार, तिची प्रत, भारतीय दूतावास, आणीबाणीचं प्रवासपत्र. ते फक्त मायदेशी परतण्यापुरतं असतं, म्हणजे आजोबांची टूर तिथेच संपली. तिकडे बाकीच्यांना संध्याकाळपर्यंत फ्लॉरेन्सला न्यायचं होतं आणि कोचचा ड्रायव्हर घड्याळाला बांधलेला. युरोपात साडेचार तास गाडी हाकली की पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती सक्तीची, आणि त्याची नोंद गाडीतलं यंत्रच ठेवतं. "दहा मिनिटं थांब ना रे" हे त्याला चालत नाही. एका माणसासाठी चव्वेचाळीस थांबवायचे की चव्वेचाळिसांसाठी एकाला सोडायचं, हा पेच गाइडच्या वाट्याला कधी येत नाही. मी आजोबांच्या जावयाला त्यांच्याबरोबर मागे ठेवलं आणि रात्रभर फोनवर होतो.

आता माझी चिडचिड, दोन्हीकडची. बोलू नये तिथे बोलणारे टूर मॅनेजर मला आवडत नाहीत. मी अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणीसमोर हलक्या आवाजात बोलत असतो, आणि मागून हा "चला चला, जेवणाला उशीर होतोय" करतो. त्याची घाई खरी असते, मला कळतं, पण ते मला आत जाण्याआधी सांग. गाइडांमध्ये मला परग्रहवासीवाले सहन होत नाहीत. "कैलास माणसाने केलंच नाही" असं सांगून टाळ्या घेणारा गाइड म्हणजे ज्या कारागिरांनी छिन्नी चालवली त्यांच्या तोंडाला पुसलेली पानं. अजिंठ्याच्या चित्रांना फ्रेस्को म्हणणारेही तसेच. ओल्या गिलाव्यावरचं ते काम नव्हे, मातीच्या गिलाव्यावर तो सुकल्यानंतर काढलेली चित्रं आहेत ती, म्हणून तर इतकी नाजूक आणि म्हणून फ्लॅशला मनाई. आणि जो गाइड लेणी पाऊण तासात उरकून हिमरूच्या (इथल्या हातमागाच्या कापडाच्या) दुकानात दीड तास बसवतो, त्याच्याबद्दल जरूर तक्रार करा. तिथे मात्र 'गाइड' हाच शब्द लिहा. आधी एवढं बघून घ्या, की दुकान छापील कार्यक्रमातच होतं का. असेल तर तो कंपनीचा कारभार.

आमचा तो पोरगा नंतर चांगला तयार झाला, अजून ग्रुप घेऊन येतो. त्या टूरच्या शेवटी त्याने मला काकूंच्या फॉर्मचा फोटो पाठवला होता. 'टूर मॅनेजर' या रकान्यात लिहिलं होतं, "फार गोड मुलगा." खाली 'गाइड' या रकान्यात: "माहिती उत्तम. फक्त मंगळवारचं आधी सांगायला हवं होतं."