मागे राहिलेल्यांची जागा

आरपीजी, म्हणजे पात्रांच्या भूमिकेत शिरून खेळायचे खेळ, खेळताना पार्टीत, म्हणजे मोहिमेवर न्यायच्या पात्रांच्या गटात, कोणाला घ्यायचं यावर गेमर तासन्‌तास वाद घालतात. ज्यांना घेतलं नाही ते तेवढा वेळ कुठे असतात, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. खेळ रचणाऱ्यांना हा प्रश्न पहिल्यापासून सोडवावा लागला आहे.

1974 साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावरच्या खेळामध्ये तो फारसा जाणवत नव्हता. टेबलाभोवती जितकी माणसं, साधारण तितकी पात्रं. शिवाय पगारी सोबती ठेवता येत, आणि किती ठेवता येतील हे पात्राच्या ‘करिश्मा’च्या आकड्यावरून ठरे. संगणकावर खेळायला बसणारा मात्र एकटाच असायचा. अख्खी पार्टी त्यालाच जमवावी लागे.

अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांच्या ‘विझर्ड्री’ने (1981) त्यासाठी गावात गिल्गमेशचा गुत्ता उघडला. पात्रं तयार करायची, ती गुत्त्यात बसून राहणार, त्यातली सहा निवडून भुयारात उतरायचं. सज्जन आणि दुर्जन प्रवृत्तीच्या पात्रांची गुत्त्यात एकत्र पार्टी बांधता येत नसे. खरी मेख पुढे होती. सगळी पार्टी खाली मेली, की प्रेतं तिथेच पडून राहत. ती आणायला गुत्त्यातून दुसरी पार्टी पाठवायची, आणि प्रेतही पार्टीतली एक जागा अडवत असल्यामुळे सुटकेला जाणाऱ्यांनी जागा रिकाम्या ठेवूनच, म्हणजे कमी बळानिशी, उतरायचं. राखीव पात्रांना इतकं रोखठोक काम नंतर क्वचितच मिळालं.

जपानमध्ये ‘विझर्ड्री’चा मोठा प्रभाव पडला. ‘ड्रॅगन क्वेस्ट 3’मध्ये (1988) लुइडाचा गुत्ता आहे, तोही सोबती जमवण्यासाठीच. ‘ड्रॅगन क्वेस्ट 4’ने (1990) राखीव मंडळींना घोडागाडीत बसवलं आणि लढाई चालू असताना अदलाबदल करू दिली. पण गाडी प्रत्येक गुहेत शिरत नसे, त्यामुळे गुहेच्या तोंडाशी पुन्हा निवड करावी लागे.

‘फायनल फँटसी’ची सुरुवात अगदी कडक होती. 1987च्या पहिल्या खेळात आरंभीच चार पात्रं ठरवायची, नंतर बदल नाही. चौथ्या भागाने (1991) निवडीचा हक्कच काढून घेतला: कथा सांगेल तो येणार, कथा सांगेल तेव्हा जाणार. माझ्या मते कथेसाठी ते उत्तमच होतं, फक्त ज्याला मेहनतीने वाढवलं तोच निघून गेला की जीव चडफडतो. सहाव्या भागात (1994) 14 पात्रं आणि जागा चार. नवं पात्र येताना त्याची लेव्हल, म्हणजे ताकदीची पायरी, पार्टीच्या सरासरीवरून ठरे, पण नंतर कोपऱ्यात ठेवलेली पात्रं मागे पडायचीच. शेवटच्या मनोऱ्यात एकदम तीन पार्ट्या न्याव्या लागतात आणि दुर्लक्षित पात्रांचा हिशेब तिथे चुकता होतो.

हा अनुभवगुणांचा, म्हणजे लढून मिळणाऱ्या आणि पात्राला वाढवणाऱ्या गुणांचा, तिढा सगळ्यांनाच भोवला. ज्याला खेळवाल तोच वाढतो, वाढतो म्हणून त्यालाच खेळवता. ‘फायनल फँटसी 10’ने (2001) त्यावर सोपा तोडगा काढला: एका बटणावर अदलाबदल, आणि लढाईत एक जरी कृती केली तरी अनुभवात वाटा. शत्रूही तशाच बेताने घडवलेले होते, उडणाऱ्या शत्रूला वाक्का हे पात्र, कवचवाल्याला ऑरॉन.

सगळे एकत्र का जात नाहीत, याचं कथेतलं कारण देण्याच्या भानगडीत बहुतेक खेळ पडतच नाहीत. ‘क्रोनो ट्रिगर’ने (1995) ते दिलं: तिघांहून जास्त जण एकदम कालद्वारात शिरले तर काळाच्या टोकाला फेकले जातात. राखीव मंडळी त्या टोकालाच थांबतात.

पाश्चात्त्य खेळांत स्वभावाचा भाग वाढला. ‘बाल्डर्स गेट’मध्ये (1998) 25 सोबती मिळू शकतात, पार्टी नायकासह सहांची. खलिद आणि जाहीरा हे जोडपं. एकाला काढलं की दुसराही निघतो. पार्टीचा लौकिक फार चांगला झाला की दुष्ट सोबती कंटाळून निघून जातात. पुढे ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ने (2009) राखीवांना तळ दिला, जिथे त्यांच्याशी बोलत बसता येतं. ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये (2023) तर तळावरचं विदर्स हे पात्र 100 सुवर्णनाणी घेऊन कोणाचाही क्लास (योद्धा, मांत्रिक असा पेशा) बदलून देतं, मग ‘पार्टीत मांत्रिक हवाच’ म्हणून नावडत्याला ओढत नेण्याची सक्ती उरत नाही.

तरी मला सर्वांत धारदार वाटतो तो ‘मास इफेक्ट 2’चा (2010) शेवट. अखेरच्या लढाईला तुम्ही दोघांना सोबत नेता, बाकीचे मागे मोर्चा सांभाळतात. खेळ आतल्या आत या मागे राहिलेल्यांच्या बचावबळाची सरासरी काढतो. ग्रंट आणि गॅरस हे दणकट गडी सहज सोबत घेतले जातात, मागे दुबळे उरतात, आणि सरासरी कमी पडली की मरणाच्या यादीत पहिलं नाव मॉर्डिन या सोबत्याचं असतं.