चौथा बुरूज गोल का?

इंग्लंडमध्ये मेडवे नदीच्या काठी रॉचेस्टरचा किल्ला आहे. त्याच्या उंच दगडी मनोऱ्याचे तीन कोपरे चौकोनी आहेत आणि चौथा मात्र गोल. असं कसं झालं?

1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. मुलूख परका, लोक चिडलेले. म्हणून त्याच्या माणसांनी भराभर मातीचे उंच ढीग रचले, वर लाकडी मनोरे उभारले आणि भोवती खंदक खणले. पण लाकूडच ते, पेटायचं आणि कुजायचं. मग हळूहळू दगडी किल्ले आले.

रॉचेस्टरचा मनोरा 1127 नंतर बांधला. उंची सुमारे 34 मीटर, म्हणजे दहा मजली इमारतीएवढी! दार मुद्दाम जमिनीपासून उंच ठेवलं, म्हणजे शत्रूला धावत येऊन ते फोडता येऊ नये. आतल्या सैनिकांना तहान लागली तर? मनोऱ्याच्या मधोमध एक जाड आडवी भिंत होती आणि तिच्यातून विहिरीची नळी थेट वरपर्यंत नेली होती. कुठल्याही मजल्यावर उभं राहून पोहरा सोडायचा!

1215 च्या ऑक्टोबरात राजा जॉनशी भांडलेले सरदार या किल्ल्यात शिरले. राजाने वेढा घातला, यंत्रांनी मोठमोठे दगड फेकले, तरी मनोरा हलेना. तेव्हा त्याच्या माणसांनी एका कोपऱ्याखाली सुरुंग खणला. तोफेची दारू तिथे अजून पोचली नव्हती, म्हणून वरचा भार लाकडी टेकूंवर तोलून धरला. मग राजाने चाळीस लठ्ठ डुकरं मागवली. त्यांच्या चरबीने टेकू पेटवले, ते जळून मोडले आणि अख्खा कोपरा खाली आला.

तरी आतले लोक हरले नाहीत. ते त्या आडव्या भिंतीपलीकडे गेले आणि तिथून लढत राहिले. मला तर या किल्ल्यातली हीच भिंत सगळ्यात आवडते. शेवटी त्यांना हरवलं ते भुकेने. घोडेसुद्धा खाऊन संपले आणि 30 नोव्हेंबरला त्यांनी शरणागती पत्करली.

पुढे पडलेला कोपरा पुन्हा बांधला, तो गोल. चौकोनी कोपऱ्याचे दगड दोन बाजूंनी उघडे असतात, त्यामुळे ते पहारीने उचकटता येतात. शिवाय कोपऱ्याच्या आड लपलेला शत्रू वरच्या तिरंदाजाला दिसत नाही. गोल बुरुजाला लपायला कोपराच नसतो, आणि त्यावर आदळलेला दगड बऱ्याचदा घसरून बाजूला जातो. म्हणूनच त्या काळात इतर किल्ल्यांवरही गोल बुरूज दिसू लागले होते. रॉचेस्टरला बाकीचे तीन कोपरे पडले नव्हते, म्हणून ते आजही चौकोनीच आहेत.