तातडीचे प्रथमोपचार (परिचारिकांसाठी)

अपघातात किंवा अचानक आलेल्या दुखण्यात डॉक्टर आणि साधने हाताशी येईपर्यंत परिचारिका रुग्णाला देते ती मदत. वॉर्डात ऑक्सिजन, सक्शन (घशातला स्राव ओढून काढणारे यंत्र), सलाइन सगळे असते. पुण्यात नवले पुलाजवळ पडलेल्या दुचाकीस्वारापाशी पोचलेल्या सिस्टरजवळ यातले काहीच नसते. तिथे उपयोगी पडतो तो कामाचा क्रम.

आधी वाहतूक थांबवायची. धावत्या गाड्यांत शिरून स्वतः जखमी झालेली परिचारिका कोणालाच वाचवू शकत नाही. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवीही चालते. मग १०८ ला फोन. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. फोन स्वतः करण्यापेक्षा जमलेल्यांपैकी एकाकडे बोट दाखवून त्याला करायला सांगावे. ‘कोणीतरी फोन करा’ म्हटले की कोणीच करत नाही. पोलिसांचा ससेमिरा लागेल म्हणून लोक मागे सरतात, त्यांना सांगावे की मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

रक्ताची चिळकांडी उडत असेल तर जखम आधी दाबून धरायची. नाहीतर श्वासमार्ग पाहायचा. मानेला मार असण्याची शंका असेल तर मान न वळवता जबडा पुढे उचलायचा. श्वास आणि नाडी एकाच वेळी, दहा सेकंदांच्या आत तपासायची. इथे एक चूक वारंवार होते. हृदय थांबल्यावरही रुग्ण थोडा वेळ आचके देतो आणि नातेवाईक म्हणतात, ‘श्वास चालू आहे.’ तो श्वास नव्हे. लगेच छाती दाबायला घ्यावे : मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, ३० दाबांमागे २ श्वास. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांनी माणूस बदलावा. थकलेल्या हातांचा दाब उथळ होतो आणि दाबणाऱ्याला ते कळतही नाही. वॉर्डात गादी खाली दबते म्हणून पाठीखाली फळी सरकवतात. घरी रुग्णाला सरळ फरशीवर घ्यावे.

घरगुती उपाय थांबवणे हेही परिचारिकेचेच काम आहे, आणि ते गोडीने करावे लागते. फिट आलेल्या मुलाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरतात, दातांत चमचा घालतात. आजीवर ओरडण्याऐवजी ‘आजी, कांदा राहू द्या, तुम्ही घड्याळ बघा’ म्हटले तर भीतीने थरथरणाऱ्या हातांना काम मिळते, आणि फिट पाच मिनिटांपुढे गेली का, ही महत्त्वाची माहितीही हाती येते. मूल कुशीवर ठेवावे, डोक्याखाली घडी घातलेले कापड द्यावे. भाजल्यावर टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको. नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे.

पुणे जिल्ह्यातल्या भोर, मुळशी, वेल्हे भागात भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचे रुग्ण येतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिविष (विष उतरवणारे इंजेक्शन) चालते, आणि ते रुग्णालयातच द्यायचे असते. म्हणून चिरा देणे, चोखणे, दोरीने आवळणे यांत वेळ घालवू नये. अंगठी, बांगड्या काढाव्यात, दंश झालेला अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा आणि रुग्णाला चालवू नये. मण्यार फसवी असते : रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, सूज नाही, वेदना नाही, कधी दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते म्हणून तो उठतो आणि पापण्या जड होऊ लागतात. सोबत निघालेल्या परिचारिकेने वाटेत सतत डोळ्यांकडे पाहावे, बोलायला लावून आवाज ऐकावा, थुंकी गिळता येते का ते पाहावे. पापणी पडल्याची वेळ कागद नसेल तर रुग्णाच्या हातावरच पेनाने लिहावी. पुण्याच्या ससून रुग्णालयात उतरवून घेणाऱ्या डॉक्टरांना पहिल्यांदा तीच लागते.