सहीचा कागद कुणापुढे?

सोलापुरात कुठल्याही प्रसूती वॉर्डाबाहेर घटकाभर थांबलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं : "हिचे मालक कुठायत? सहीला बोलवा." कळा सोसणारी बाई आत, कागद बाहेर. माझ्या वहिनीच्या वेळी सिझरच्या कागदावर दादाने सही केली. वहिनी पूर्ण शुद्धीवर होती. "थोडं थांबून बघायचं का?" एवढंच तिनं विचारलं, तर बाजूची बाई म्हणाली, "बाळाला काही झालं तर तुझ्यावरच केस होईल."

ही केसची भीती कायद्यात शोधायला गेलं, तर आधी 1860 च्या भारतीय दंडविधानाचं कलम 312 सापडतं. गर्भपात घडवून आणणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, पोटात बाळ फिरू लागलं असेल तर 7 वर्षांपर्यंत. आणि स्वतः गर्भ पाडणारी बाईही त्यात आरोपी. जुलै 2024 पासून दंडविधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम 88 झालं आहे. पण हे कलम गर्भ पाडण्याबद्दल आहे. ऑपरेशनला 'नको' म्हणणं गुन्हा ठरवणारं कलम तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

परदेशात मात्र बायकांना हे भोगावं लागलं आहे. 1987 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनला कर्करोगाने शेवटच्या अवस्थेत असलेल्या, 26 आठवड्यांच्या गरोदर बाईचं कोर्टाच्या हुकमाने सिझर झालं. बाळ दोनेक तासांत गेलं, आई दोन दिवसांनी. 1990 मध्ये वरच्या कोर्टाने तो हुकूम रद्द केला, पण ऐकायला ती उरली नव्हती. 2004 मध्ये तिथल्याच युटा राज्यात सिझर लांबवल्यावर जुळ्यांतलं एक बाळ मृत जन्मलं, तर आईवर थेट खुनाचा आरोप ठेवला गेला. तो पुढे मागे घेतला गेला; बाळांचा जीव धोक्यात घातल्याच्या सौम्य गुन्ह्याची तिने कबुली दिली. इंग्लंडमध्ये 36 आठवड्यांच्या एका बाईला तर मनोरुग्ण कायद्याखाली अडकवून सिझर केलं होतं. 1998 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने ते बेकायदा ठरवलं.

आपल्याकडे 1971 च्या गर्भपात कायद्यानेच सज्ञान बाईची स्वतःची संमती सक्तीची केली. नवऱ्याची सही त्या कायद्यात कुठेच नाही, हे किती जणींना माहीत असतं? 2008 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे समीरा कोहली यांचा खटला आला. तपासणीसाठी भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन त्यांचं गर्भाशय आणि बीजकोश काढले होते. रुग्ण सज्ञान असेल आणि जीव तातडीच्या धोक्यात नसेल, तर दुसऱ्याची परवानगी चालत नाही, असं कोर्टाने बजावलं. 2009 मध्ये मूल जन्माला घालायचं की नाही, हे निर्णय राज्यघटनेच्या कलम 21 ने बाईला दिलेल्या स्वातंत्र्यात मोडतात, असं याच कोर्टाने म्हटलं. 2018 मध्ये तर शुद्धीवरचा सज्ञान माणूस उपचार नाकारू शकतो, हेही त्याने स्पष्ट केलं.

मग कागद अजून मालकाकडेच का जातो? डॉक्टरांना कोर्टापेक्षा दाराबाहेरच्या गर्दीची धास्ती जास्त असते, असं मला वाटतं. मारहाण, तोडफोड इतकी वाढली, की महाराष्ट्राला 2010 मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. ती धास्ती खोटी नाही. पण नातेवाइकांची सही तिच्या सहीसोबत घेता येते, तिच्या जागी नाही. आणि ती नको म्हणाली, तर धोका काय सांगितला, ती काय म्हणाली, हे वेळेसकट केसपेपरवर लिहून ठेवलं, तर डॉक्टरांची बाजूही भक्कम राहते.

सोलापुरात आणखी एक अडचण आहे. पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या कितीतरी बायकांच्या घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या बायकांच्या घरात कन्नड. समजून दिलेली संमती हीच खरी संमती, असं 2008 चा निकाल सांगतो. वहिनीच्या शेजारच्या खाटेवर अशीच एक तेलुगू बोलणारी बाई होती. पाळी बदलून आलेल्या सिस्टर तिच्याजवळ टेकल्या, कागदातली ओळन् ओळ तेलुगूत सांगितली आणि पेन तिच्याच हातात दिलं. तिनं दोन प्रश्न विचारले, मगच सही केली.