रंधा मशीनचा सूतभर हिशेब

एक मीटरच्या दोन फळ्यांच्या कडा जॉइंटरवर, म्हणजे कड सरळ करणाऱ्या रंधा मशीनवर, काढाव्यात, एकमेकींवर ठेवाव्यात आणि उजेडासमोर धराव्यात. मधून उजेडाची रेघ दिसली किंवा मध्य टेकून टोके उघडी राहिली, तर हात सर्वांत आधी पात्यांकडे जातो. तिथे सहसा काही सापडत नाही. पाती लाकूड कापतात, पण कड सरळ येते ती टेबलांमुळे. म्हणून जॉइंटर लावताना क्रम महत्त्वाचा: आधी टेबले, मग पाती, मग आउटफीडची (लाकूड बाहेर येते त्या टेबलाची) उंची आणि सर्वांत शेवटी फेन्स, म्हणजे फळी टेकवायची उभी पट्टी. मधली एक पायरी बदलली की तिच्या पुढच्या सगळ्या पुन्हा तपासाव्या लागतात.

आपल्याकडच्या कारखान्यांत या यंत्राला सरफेस प्लेनर किंवा नुसते रंधा मशीन म्हणतात. रचना साधी आहे. मध्ये फिरणारा कटरहेड, त्यात दोन, तीन किंवा चार पाती. लाकूड जिथून आत जाते ते इनफीड टेबल, कापून बाहेर येते ते आउटफीड टेबल. इनफीड जितके खाली, तितका थर निघतो. आउटफीड मात्र पात्यांच्या फिरण्याच्या वर्तुळाच्या माथ्याला टेकलेले हवे. कापलेला भाग आउटफीडवर आला की फळीचा आधार तिथे जातो, आणि पुढचा सगळा काप त्या आधाराच्या भरवशावर होतो. म्हणूनच फळीची सुरुवात आउटफीडवर पोहोचली की हाताचा दाबही तिकडे न्यायचा असतो. शेवटपर्यंत इनफीडवर दाबत राहिलात, तर नीट लावलेले यंत्रही वाकडी कड देईल.

कामाला हात घालण्याआधी प्लग काढा. स्विच बंद करणे पुरेसे नाही, कारण पुढे कटरहेड हाताने फिरवायचा आहे.

टेबलांची तपासणी फीलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्या) आणि खात्रीच्या सरळ पट्टीने होते. पट्टी निदान एक मीटरची हवी. अॅल्युमिनियमचा खिडकीचा सेक्शन चालत नाही, त्याला स्वतःलाच बाक असतो. इनफीड वर आणून आउटफीडच्या पातळीला आणा, पट्टी दोन्हींवर ठेवा आणि कुठे किती फट आहे ते मोजा. हे तीनदा करायचे: फेन्सच्या बाजूला, पुढच्या कडेला आणि कर्णावर. कर्णावरची फट वेगळी आली तर टेबलांत पीळ आहे, आणि तोच पीळ रुंद फळीत उतरतो.

दोन्ही टेबलांची बाहेरची टोके खाली झुकलेली असतील, तर कटरहेडपाशी उंचवटा तयार होतो आणि कड मध्ये खोलगट निघते. टोके वर उचललेली असतील तर उलट होते: फळी दोन टोकांवर तोलली जाते, तिचा मधला भाग पात्यांपासून दूर राहतो आणि कड मध्ये फुगीर येते. उजेडासमोर धरलेल्या फळ्या वाचायची हीच रीत आहे. एक मीटर लांबीत 0.1 मिमीच्या आत फट असेल तर टेबलांना हात लावू नये. पट्टीसुद्धा उलटी करून पुन्हा मोजावी. फट पट्टीबरोबर जागा बदलत असेल तर दोष पट्टीचा.

फट जास्त निघाली, तरी लगेच शिम, म्हणजे फटीत घालायचा पातळ पत्रा, शोधू नका. डव्हटेल (तिरकस कडांच्या) खाचेत सरकणाऱ्या टेबलांना बाजूने जिबची, म्हणजे खाचेतली ढिलाई काढणारी, पट्टी आणि तिचे स्क्रू असतात. ते सैल झाले की टेबल स्वतःच्या वजनाने बाहेरच्या टोकाला झुकते. स्क्रू थोडे थोडे आवळा, टेबल वर-खाली करून पाहा, चाक किंचित जड फिरेल इतकेच ठेवा. झुकलेली कितीतरी टेबले एवढ्यानेच ताळ्यावर येतात. तरीही झुकाव राहिला तर खाचेच्या बाहेरच्या टोकाला शिम घालावी लागते. तिची जाडी फटीइतकी नसते. टेबल 600 मिमी लांब, खाचेतला आधार 200 मिमी आणि टोकाचा झुकाव 0.2 मिमी असेल, तर शिम त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे 0.07 मिमी पुरते. थंड पेयाच्या अॅल्युमिनियम कॅनचा पत्रा साधारण 0.1 मिमीचा असतो. त्याहून पातळ हवी असेल तर स्वयंपाकघरातल्या फॉइलच्या घड्या. पॅरललोग्राम पद्धतीच्या, म्हणजे खाचेऐवजी फिरत्या दांड्यांवर तोललेल्या, टेबलांना शिम लागत नाही, तिथे एक्सेंट्रिक बुश (मध्य एका बाजूला असलेली बुश) फिरवून काम होते.

आता पाती. धार लावून आणलेली पाती बसवताना आधी खाचेतला भुसा आणि डिंक पूर्ण काढा. एक कण जरी पात्याखाली राहिला तरी पाते त्या जागी वर येते. स्क्रू मधल्यापासून बाहेर, पहिल्या फेरीत हलके, दुसरीत अर्धे, तिसरीत पक्के आवळायचे. एका टोकापासून आवळत गेलात तर पाते दुसऱ्या टोकाला वर सरकते. शेवटच्या आवळण्यातही ते केसभर हलते, त्यामुळे मोजणी आवळल्यानंतर पुन्हा करावीच लागते. कटरहेडच्या बाहेर पाते सुमारे 1 मिमी डोकावते. यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपुढे ते कधीही काढू नये.

उंची मोजायला डायल गेज (काट्याने बारीक फरक दाखवणारे मापयंत्र) असेल तर उत्तम. नसेल तर सागवानाची एक सरळ, हलकी काठी पुरते, आणि तिच्यामागचे गणित पाहण्यासारखे आहे. काठी आउटफीडवर ठेवा, तिचे टोक कटरहेडच्या पलीकडे जाऊ द्या. आउटफीडच्या ओठाशी, म्हणजे कटरहेडकडच्या कडेशी, काठीवर पेन्सिलची खूण करा. कटरहेड लाकूड कापताना फिरतो त्याच दिशेने, हाताने सावकाश फिरवा. पाते काठीला उचलून थोडे पुढे नेते आणि सोडून देते. ओठाशी दुसरी खूण करा. दोन खुणांतले अंतर म्हणजे पाते टेबलाच्या पातळीच्या वर असताना कापलेला पल्ला. पात्याची उंची काढायची तर या पल्ल्याच्या निम्म्याचा वर्ग करून त्याला वर्तुळाच्या व्यासाने भागायचे. व्यास 60 मिमी आणि पल्ला 3 मिमी, म्हणजे जवळजवळ एक सूत, असेल तर 1.5 चा वर्ग 2.25, भागिले 60, उत्तर 0.04 मिमीच्या आसपास. पल्ला 6 मिमी आला तर उंची दुप्पट नव्हे, चौपट: 0.15 मिमी. डोळ्यांना न दिसणारा फरक भूमिती साध्या पट्टीवर मोजता येईल इतका मोठा करून देते.

काठी प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांशी लावा. सगळीकडे पल्ला 3 मिमीच्या जवळ आणि एकमेकांशी अर्ध्या मिलीमीटरच्या आत जुळला, तर पाती एकाच वर्तुळावर आहेत आणि टेबलाला समांतरही आहेत. एकाच टोकाला सगळी पाती वर असतील तर पात्यांपेक्षा आउटफीड टेबलच आडवे कलले आहे.

काठी जागची हललीच नाही, तर आउटफीड पात्यांच्या वर आहे. असे थोडेसे असेल तर फळीचे नाक त्यावर चढते, फळी हळूहळू पात्यांपासून उचलली जाते आणि काप शेवटाकडे पातळ होत संपतो. जास्त असेल तर फळी ओठाला धडकून थांबते. उलट आउटफीड खाली असेल तर कापलेला भाग त्याच्यावर अधांतरी राहतो. शेपूट इनफीडवर आहे तोवर काही कळत नाही. शेपूट सुटले की फळी खाली बसते आणि शेवटच्या 50-60 मिमीत खड्डा पडतो. त्याला स्नाइप म्हणतात. अंतिम खात्री लाकडावरच होते. अर्धी फळी कापून यंत्र बंद करा, कटरहेड पूर्ण थांबू द्या आणि कापलेला भाग आउटफीडवर टेकला आहे का पाहा. 0.05 मिमीचे फीलर गेज आत जाऊ नये. जमले की आउटफीडची मूठ आवळून टाका. पाती बदलेपर्यंत तिचे काम नाही. मग इनफीड पट्टीने आउटफीडच्या पातळीला आणून खोलीच्या मापाचा काटा शून्यावर ठेवा.

फेन्स गुण्याने 90 अंशांवर लावतात, पण गुण्या आउटफीडवर ठेवून तपासावा, इनफीडवर नव्हे. पाव अंशाची चूक डोळ्यांना दिसत नाही, तरी 25 मिमी जाड फळीत ती 0.11 मिमी होते आणि दोन फळ्या जोडल्या की 0.22 मिमी. टेबलटॉपसारख्या जोडकामात एक युक्ती चालते: एका फळीची पुढची बाजू फेन्सला लावून कड काढायची, शेजारच्या फळीची मागची बाजू लावून. एकीची चूक दुसरीच्या चुकीला पुरी पडते आणि फळ्या सपाट जुळतात.

गुळगुळीतपणाचा प्रश्न वेगळा आहे. जॉइंटरची कड खरे तर कधीच सपाट नसते. प्रत्येक पाते वर्तुळाचा एक छोटा तुकडा कोरून जाते आणि पृष्ठभागावर बारीक लाटा उरतात. तीन पाती, मिनिटाला 5000 फेरे आणि लाकूड मिनिटाला 5 मीटर सरकते असे धरा. दोन घावांतले अंतर 0.33 मिमी येते आणि लाटेची उंची अर्ध्या मायक्रॉनहूनही (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) कमी. हा झाला कागदावरचा हिशेब. एखादे पाते इतरांपेक्षा अवघे 4 मायक्रॉन वर असले, तरी बाकीच्या दोघांच्या खुणा ते पुसून टाकते आणि लाटा 1 मिमी अंतरावर, नऊपट उंच उरतात. हाताने लावलेल्या पात्यांत इतका फरक असतोच. म्हणजे थर तिन्ही पाती काढतात, पण शेवटची सही एकाचीच असते. पाती मायक्रॉनमध्ये जुळवण्याच्या मागे लागण्यापेक्षा शेवटचा हात सावकाश फिरवणे सोपे: सरकण्याचा वेग निम्मा केला की लाटेची उंची चौथाई होते. एक मीटरची फळी 12 ऐवजी 24 सेकंदांत काढा. फार रेंगाळलात मात्र, तर पाते कापण्याऐवजी घासते आणि लाकूड करपते.

अमेरिकेतून आणलेल्या यंत्रांत एक छुपा घोळ असतो. तिथली वीज 60 हर्ट्झची, आपली 50. 60 हर्ट्झवर फिरणाऱ्या इंडक्शन मोटरच्या जागी इथली मोटर बसवली आणि पुली तीच ठेवली, तर 5000 फेऱ्यांचे साधारण 4200 होतात. पुलीचे गुणोत्तर बदलेपर्यंत लाकूड तितकेच सावकाश सरकवावे लागते.

उपटलेले तंतू ही मात्र लाटांची बाब नाही. फळीच्या कडेवर लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, कुठे चढते ते पाहा आणि ती मागच्या टोकाकडे उतरत जाईल अशी फळी धरा. उलट रेषेत पाते तंतूंच्या खाली घुसते आणि कापण्याआधी ते फाडते. रेषा मध्येच पालटत असेल तर थर 0.3 मिमीवर आणा. एरवी सागवान, शिसम यांच्या कडांना 0.5 ते 1 मिमी ठीक; रुंद बाजू काढताना त्याहून कमी.

सागवानात सिलिका असते, त्यामुळे हाय स्पीड स्टीलची धार त्यावर लवकर जाते. बोथट पाते लाकूड चेपते. ताजा पृष्ठभाग चकचकीत दिसतो म्हणून फसगत होते. चेपलेल्या पेशी पाणी किंवा पॉलिश लागताच फुगतात आणि हाताला खरखर लागते. फेविकॉलही अशा कडेवर नीट मुरत नाही. धारेला खिळ्याने खाच पडली असेल आणि कडेवर सलग उंचवट्याची रेघ येत असेल, तर सगळी पाती काढायची गरज नाही. एक पाते सैल करून 1 मिमी बाजूला सरकवा आणि पुन्हा आवळा. त्याच्या खाचेची जागा इतर पात्यांच्या खाचांसमोर उरत नाही आणि रेघ जाते. अर्थात त्या पात्याची उंची काठीने पुन्हा पाहावी लागते.

300 मिमीहून लहान तुकडा जॉइंटरवर घेऊ नये. नाक आउटफीडवर नीट टेकण्याआधीच शेपूट इनफीडवरून सुटायला आलेले असते आणि तुकडा पात्यांत झुकतो. रुंद बाजू काढताना पुश ब्लॉक (फळी ढकलायचा मुठीचा ठोकळा) वापरा आणि पात्यांवरचा गार्ड काढू नका. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बिडाच्या टेबलांवर एका रात्रीत गंज धरतो. गंजलेल्या टेबलावर फळी अडखळते आणि जिथे थांबते तिथे आडवी खूण उमटते. काम संपल्यावर पॅराफिन मेणाचा हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसा. सिलिकॉनचा स्प्रे मात्र टाळा. तो लाकडाला लागला की पॉलिश त्या जागी फाटते.